शिल्लक आणि शिळे



ईस्टरचा रविवार आटोपला की आपल्या घरोघरी एक लहानसा प्रश्न उरतो. मुलांनी रंगवलेली उकडलेली अंडी मंगळवारपर्यंत फ्रिजच्या दारात तशीच असतात आणि त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. त्यांचे काय करायचे? प्रश्न स्वयंपाकघरातला आहे खरा, पण आम्हांला तो नीतीचाही वाटतो.

गंमत अशी की ईस्टरचे अंडे मुळात उरलेलेच अंडे. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात मांसाबरोबर अंडी आणि दूधदुभतेही वर्ज्य होते. संत थॉमस अक्वायनस यांनी १३ व्या शतकात आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात या नियमाची चर्चा केली आहे. कोंबड्यांना मात्र उपवास कोणी सांगितला नव्हता! अंडी साठत गेली आणि सणाला ती वाटली गेली. आज आपल्याकडे अंडे इतके रोजचे झाले आहे की ते फ्रिजमध्ये विसरणे परवडते. त्याला पुण्याचाही हातभार आहे. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटीने अंड्याचा एवढा प्रचार केला की दूरदर्शनवरची ती जाहिरात आपल्या पिढीला अजून पाठ आहे.

आधी व्यवहाराचे बोलू. उकडताना कवचावरचा नैसर्गिक थर निघून जातो, म्हणून उकडलेले अंडे कच्च्यापेक्षा लवकर खराब होते. फ्रिजमध्ये, कवचासकट, ते सात दिवस टिकते. बाहेर दोन तास. आणि आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात, पत्र्याच्या खोलीत, एकच तास धरावा. ज्या अंड्यांनी रविवारभर टेबलावर शोभा दिली ती खाण्यात आणू नयेत. पिवळ्या बलकाभोवती हिरवट कडे दिसले तर मात्र घाबरू नये. अंडे जास्त वेळ उकडले गेले एवढाच त्याचा अर्थ.

आता करायचे काय? आपल्या मंडळीत नगरकडची घरे आहेत, वसईकडची आहेत, केरळची, गोव्याचीही आहेत. आम्ही भगिनींना काय शिकवणार! कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा होतो. अर्धी करून बेसनात बुडवली की भजी होतात. उकडलेल्या बटाट्यात कुस्करून कटलेट होतात. सुरतेकडून आलेला 'घोटाळा' अंड्याच्या गाड्यांवर मिळतो, तो तर उकडलेले अंडे किसूनच करतात. तिसरी पाळी सुटल्यावर तो पावाबरोबर खाणारे आपल्यांत पुष्कळ असतील.

या पदार्थांत चवीपलीकडे काहीतरी आहे असे आम्हांला वाटते. तीन थंड अंडी तशीच राहिली तर ती कोण खातो? बहुतेक घरांत आई. पाळीवरून येणाऱ्याला ताजे, शाळेत जाणाऱ्याला ताजे, आणि "मला चालते" म्हणून शिळे तिच्या ताटात. त्याच तीन अंड्यांचा रस्सा झाला की तो पाच जणांच्या ताटात सारखा पडतो आणि शिळे खाणारे असे वेगळे माणूस घरात राहत नाही. फोडणीची पोळी, फोडणीचा भात यांचे मोठेपण त्यातच आहे. अर्थात तो रस्सा करायला उभे राहायचेही तिलाच लागत असेल, तर अर्धेच काम झाले.

घरात आईच्या ताटात जाते ते, घराबाहेर पाहिले तर, कामवाल्या बाईंच्या डब्यात जाते. "कोणाला तरी देऊन टाकू." मराठीतले हे क्रियापद नीट ऐकावे, त्यात देणे आहे आणि टाकणेही आहे. चाकणच्या वसाहतीत कंत्राटावर राबणारी, दूरच्या राज्यांतून आलेली कुटुंबे एका खोलीत राहतात. त्यांच्यापर्यंत आपले अन्न पोचते ते बहुधा आपल्याला नको झाल्यावर. आणि त्याला आपण दान म्हणतो.

येथे शिल्लक आणि शिळे यांत फरक करायला हवा. गरजेहून अधिक जे आपल्यापाशी आहे ते गरिबाचे आहे, असे चौथ्या शतकात संत बाझिल यांनी शिकवले. ते बोलत होते कोठारातल्या धान्याविषयी, ताटात उरलेल्या घासाविषयी नव्हे. शिल्लक म्हणजे आणलेल्या डझनातली न उकडलेली सहा अंडी. ती शेजाऱ्याची. शिळे आपले, ते आपणच रांधून संपवायचे. योहानाच्या शुभवर्तमानात पाच हजारांच्या जेवणानंतर उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून प्रभूने गोळा करायला लावले, बारा टोपल्या भरल्या. त्या पुढे कोणाला दिल्या हे तेथे लिहिलेले नाही. वेचायला मात्र शिष्य वाकले, एवढे निश्चित.

हा शब्दांचा खेळ नाही. राज्य शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे द्यायचे ठरवले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला. द्यायचेच असेल तर शाळांनी लोकवर्गणीतून द्यावे असे सांगितले. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. मुलांची ही सोय आमच्या फ्रिजमधल्या मंगळवारच्या अंड्यांनी भरून निघणार नाही. त्याला ताज्या अंड्यांचे पैसे लागतात, तेही दर आठवड्याला.

कोणी विचारील, दारात भुकेला उभा असेल आणि घरात कालचेच अंडे असेल, तर काय त्याला परत पाठवायचे? मुळीच नाही. फ्रिजमधले, मुदतीतले असेल तर मीठ-मसाला लावून गरम पोळीबरोबर ताटलीत द्यावे, आणि त्याच भांड्यातले दुसरे त्याच्यासमोर बसून आपण खावे.