पान्याची जागा

माझ्या घराच्या पडवीत एक फळी आहे. पॅकिंगच्या खोक्याची लाकडं ठोकून केलेली, तीन फूट लांब. तिच्यावर खिळे मारलेत आणि खिळ्यांवर सायकलची हत्यारं टांगलीत. फिक्स पाने, स्क्रू पाना, पक्कड, पेचकस, हातोडी, कानस, टायर काढायच्या पट्ट्या, कोनचा पातळ पाना. प्रत्येकाभोवती मी ऑइलपेंटची रेघ मारली आहे. पाना काढला की फळीवर पान्याची रिकामी आकृती उरते. काय गेलं ते लांबून दिसतं.

मित्रहो, मी या फळीबद्दल लिहिणार आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. व्यवस्था उलथवायच्या गोष्टी करायच्या सोडून हा पाने कुठं टांगावेत ते सांगतोय, असं तुमच्यापैकी काहीजण म्हणतील. पण मला या फळीनं झोपू दिलेलं नाही. वस्तू जागच्या जागी असावी, ही चांगली सवय. माणसानं आपल्या जागी राहावं, ही आपल्या बापजाद्यांना दिलेली शिवी. दोन्हीकडं शब्द एकच, जागा. मग मी रोज संध्याकाळी पडवीत काय करतो? शिस्त पाळतो, की मनूची नक्कल करतो?

आधी फळी कशी झाली ते सांगतो.

पूर्वी हत्यारं एका पोत्यात असायची. बाबांच्या वेळचं पोतं, अख्ख्या वस्तीचं. कुणाचीही सायकल बिघडली की पोतं ओतायचं, हवं ते उचलायचं. पावसाळ्यात पाने गंजायचे. पंक्चरचं रबर ग्रीसमध्ये लडबडायचं, मग ते चिकटेना. इकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या वर असतो तेव्हा, सोल्युशनची टोपण उघडी राहिलेली ट्यूब दोन दिवसांत दगड व्हायची. छर्रे तर सगळे एकाच डबीत. पुढच्या चाकाचे ३/१६ इंचाचे आणि मागच्या चाकाचे १/४ इंचाचे. डोळ्याला फरक फारसा दिसत नाही, हबला दिसतो. चुकीचे छर्रे बसले की कोन खाल्ला जातो.

आणि वस्तू परत यायच्या नाहीत. कोण नेतं, कुठं नेतं, पत्ता नाही. दोन पाने गेले, पंप गेला. मी मिलमधल्या कामगाराचा पगार मोजून आणलेल्या वस्तू. एक दिवस डोकं फिरलं. पत्र्याची पेटी आणली, सगळं आत टाकलं, कुलूप लावलं, किल्ली करदोट्याला बांधली. वर म्हणालो, लोकांना शिस्त लागेल.

तीन वर्षांपूर्वीची १६ ऑक्टोबर. १९५६ साली याच तारखेला बाबासाहेबांनी चंद्रपूरला, तेव्हाच्या चांद्याला, दीक्षा दिली. नागपूरनंतर दोनच दिवसांनी. दरवर्षी भद्रावतीहून माणसं तिथल्या दीक्षाभूमीवर जातात. त्या वर्षी वस्तीतली पोरं सायकलींनी निघाली. पंचवीस-तीस किलोमीटरचा रस्ता, निळे झेंडे, पहाटे पाचची वेळ. एका पोराच्या मागच्या चाकाचा कोन ढिला होता. निघताना तो माझ्या पडवीत आला. पेटी होती. कुलूप होतं. मी रातपाळीवर, आणि किल्ली माझ्या कमरेला.

पोरगा तसाच निघाला. घोडपेठपाशी चाक डुलायला लागलं. बाकीचे पुढं गेलेले. कोळशाचे ट्रक अंगावरून जात होते आणि हा सायकल ढकलत ताडाळीपर्यंत चालत गेला. तिथं एका दुकानात चाक खोललं तर छर्रे फुटलेले, हबची वाटी कापली गेलेली. दोन मिनिटांच्या कामापायी हब गेला. पोरगा दीक्षाभूमीवर पोचला तेव्हा दुपार टळली होती.

तो मला काही बोलला नाही. त्याची आई बोलली. रागानं नाही, साधंच विचारलं, "किल्ली तुमच्यापाशीच राह्यते का जी?"

हा प्रश्न मला एखाद्या भाषणापेक्षा जास्त लागला. किल्ली कुणापाशी? आपण आयुष्यभर दुसऱ्यांना हाच प्रश्न विचारत आलो. विहिरीची किल्ली कुणापाशी, देवळाची कुणापाशी, शाळेची कुणापाशी. पोतं होतं तेव्हा वस्तू हरवत होत्या, पण पहाटे पाचला पाना मिळाला असता. पेटी आली तेव्हा वस्तू सुरक्षित होत्या. कुणापासून? तर ज्यांच्यासाठी आणल्या त्यांच्यापासून.

त्या आठवड्यात कुलूप काढलं आणि फळी ठोकली. रेघा मारल्या. छऱ्र्यांसाठी दोन डब्या, एकीच्या झाकणावर चाकाचं चित्र पुढं, दुसरीवर मागं. रबर आणि सोल्युशन वेगळ्या कोनाड्यात, तेलाच्या चिंध्यांपासून लांब. एका खिळ्याला कागदाचे कपटे. पाना न्यायचा तर आपलं नाव लिहून कपटा त्याच्या खिळ्याला टोचायचा. ही युक्ती मी मिलच्या टूल रूममधून उचलली. तिथं पितळेचा बिल्ला असतो. बिल्ला द्या, हत्यार घ्या. हत्यार हरवलं तर बिल्ल्यावरचा नंबर बघून पगारातून पैसे. तिथला बिल्ला चोर पकडायला आहे. माझा कपटा पाना कुठल्या घरी आहे ते कळायला आहे. दिसायला दोन्ही एक. म्हणून सांगतो, नुसती मांडणी बघून ती कुणाची बाजू घेते ते कळत नाही.

इथवर सगळं बरं चाललं होतं. मग माझ्या धाकट्या बहिणीनं घोळ केला. ती अकरावीला आहे. कॉटर बाहेर काढायला तिनं स्क्रू पानाच हातोडीसारखा आपटला. आता स्क्रू पान्याचा जबडा एकदा ढिला झाला की तो नटाचे कोपरे खातो, मग तो नट कुठल्याच पान्याला दाद देत नाही. (आणि कॉटरवर ठोका मारायचा तर आधी नट पेचावर ठेवावा, वर लाकडाचा तुकडा धरावा, नाहीतर पेच चेपतो. हे लिहूनच ठेवतो, कुणाच्या तरी कामी येईल.) मी ओरडलो, "ज्याचं काम त्यानंच करावं! पान्यानं पान्याचं, हातोडीनं हातोडीचं!"

ती हसायला लागली. "भाऊ, हे तं गीतेतलं झालं."

मी गप्प. कारण खरंच झालं होतं. गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची कामं ज्याच्या त्याच्या स्वभावाप्रमाणं वाटून दिली आहेत आणि दुसऱ्याचं काम कितीही चांगलं जमत असलं तरी त्याच्या वाटेला जाऊ नये असं बजावलं आहे. मी तेच पडवीत उभा राहून ओरडत होतो. त्या रात्री फळीकडं बघितलं तर ती मला गावासारखी दिसली. हा पाटलाचा खिळा, हा सुताराचा, हा लोहाराचा. आणि भोवती रेघ. रेघेबाहेर गेलास तर याद राख.

रेघ पुसावी का? पुन्हा पोतं आणावं का?

आपल्यातले काही मित्र नेमकं हेच करतात. व्यवस्था हा शब्दच त्यांना सोसत नाही. मंडळाच्या वाचनालयात पुस्तकं ढिगात पडलेली, वहीत नोंद नाही, वाळवी लागलेली. विचारलं तर म्हणतात, नीटनेटकेपणा हे बामणी खूळ आहे. मला हे पटत नाही. ज्या माणसानं पुस्तकांसाठी दादरला राजगृह बांधलं त्याची आपण लेकरं. नीटनेटकेपणा त्यांना का द्यायचा? सायकल वेळेवर दुरुस्त होण्याची गरज त्यांच्यापेक्षा आपल्याला जास्त आहे. पोत्याचा तोटा आपल्यालाच झाला.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. मंडळानं ते होऊ दिलं नाही, मग त्यांनी स्वतःच ते छापलं. त्यात त्यांनी जातीची बाजू घेणाऱ्यांच्या एका लाडक्या मुद्द्याचा समाचार घेतला आहे. ते लोक म्हणायचे, जात म्हणजे श्रमविभागणी, आणि श्रमविभागणी तर सगळ्या सुधारलेल्या समाजांत असते. बाबासाहेबांचं उत्तर, जात ही कामाची विभागणी नव्हे, काम करणाऱ्यांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक थर लावून केलेली. हे मी दहादा वाचलं होतं. समजलं पडवीत. पान्याचं काम वेगळं आणि हातोडीचं वेगळं, ही कामाची विभागणी. ती खोटी नाही, ती लोखंडातच आहे. फिक्स पाना नटाला चपखल बसतो कारण त्याचं तोंड त्या मापाचं कापलेलं असतं. पण कुठला हात पाना धरणार आणि कुठला हातोडी, हे लोखंडात लिहिलेलं नाही. ते कुणीतरी बाहेरून लिहितो. मी बहिणीवर ओरडलो ते पान्यासाठी बरोबर होतं. तोच नियम तिच्या हाताला लावला असता तर मी मनू.

आपल्या देशानं हत्याराला हात डकवून टाकला. न्हाव्याची धोकटी, चांभाराची रापी, सुताराचा वाकस, लोहाराची ऐरण. बापाचं हत्यार पोराच्या पाळण्याशी. आमच्या विदर्भात पुष्कळ महार जाडंभरडं कापड विणायचे, म्हणजे घरात माग होता, धोटा होता. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल निघाली. गिरण्यांच्या कापडापुढं घरचा माग अडगळीत गेला आणि विणकराची पोरं गिरणीच्या दारात उभी राहिली. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खात्यात, जिथं पगार जास्त, तिथं अस्पृश्याला घ्यायचेच नाहीत. कारण काय? धोट्यात नवी कांडी घातली की सूत तोंडानं ओढून बाहेर काढावं लागे. एकाचं तोंड लागलेल्या धोट्याला दुसरा तोंड कसं लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढं मांडला, तेव्हा कुठं तो मागण्यांत आला. मालक पारशी असो, गुजराती असो, इंग्रज असो, धोटा विटाळू न देणारा शेजारचा मजूरच होता. आता ते माग गेले, त्यातल्या बहुतेक गिरण्याही बंद पडल्या. तरी मी रोज स्पॅनर हातात घेतो तेव्हा तो धोटा आठवतो.

दसऱ्याला कारखान्या-कारखान्यात हत्यारांना कुंकू लागतं, झेंडू लागतो. मला विचारतात, तुझ्या फळीला का नाही? माझा दसरा वेगळा आहे, १४ ऑक्टोबर १९५६ चा. आणि दुसरं, वर्षातून एकदा पाया पडून पाना गंजायचा राहत नाही. चिंधीला तेल लावून रोज पुसला तर राहतो.

शिस्त आपल्या घरातली आहे असं मी म्हणतो ते उगाच नाही. विनयपिटकात भिक्खूंना एक नियम आहे. संघाचा पलंग, बैठक किंवा गादी उघड्यावर मांडली आणि निघून जाताना ती उचलून ठेवली नाही, ठेववली नाही, कुणाला सांगितलंही नाही, तर तो दोष. बघा, वापरू नको असं नाही म्हटलेलं. वापर, पण पुढच्यासाठी ठेव, नाहीतर निदान सांगून जा. माझा कपटा काय वेगळं सांगतो? संघाच्या कोठारावर भांडागारिक नेमायचे. तो आवडीनं, द्वेषानं, मोहानं किंवा भयानं वाकडा जाणारा नसावा, आणि काय जपलं गेलंय, काय नाही, हे त्याला कळावं, ही अट. नेमणूक संघानं करायची, त्यानं स्वतःच किल्ली कमरेला बांधायची नाही. हा विनय पहिल्या संगीतीत कुणी सांगितला? उपालीनं. जातीचा न्हावी, शाक्यांची हजामत करणारा. ज्याची जागा धोकटीनं ठरवली होती तो संघाच्या साऱ्या शिस्तीचा जाणकार झाला. शाक्य कुमारांनी तर त्याला आपल्या आधी दीक्षा द्यायला लावली, म्हणजे आपल्याला त्याच्या पाया पडावं लागेल. आमच्या विजासनच्या लेण्यांत बुद्धमूर्तींपुढं बसलो की हा उपाली मला फार जवळचा वाटतो. भिंतीवर छिन्नीचे घाव दिसतात. त्या छिन्न्या संध्याकाळी कोण कुठं ठेवत होतं, कुणास ठाऊक.

हे सगळं मी बहिणीला ऐकवलं. मोठ्या तोऱ्यात ऐकवलं. पान्याला जागा दिली तर अन्याय नाही, कारण पान्याला मन नाही, पान्याचं पोर पाना होत नाही, वगैरे. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पान्याचं जाऊ दे. तू फळी तुह्या उंचीनं ठोकली. मले वरच्या खिळ्यापर्यंत हात पुरत नाही. बारक्या पोरायले तं कोनताच पुरत नाही. म्हनून मी खालचा स्क्रू पाना घेतला ना. हातोडी वर होती."

मी फळीकडं बघत राहिलो. कुलूप काढलं तेव्हा वाटलं होतं, आता सगळं सगळ्यांचं झालं. उंची हेही कुलूप असतं हे सुचलंच नाही. मांडणी करणारा मी, खिळा मारणारा मी, माप माझ्या हाताचं. मला ते माप वाटलंच नव्हतं, ते नुसतं 'बरोबर' वाटलं होतं. आपल्यावरची सगळी मापं ज्यांनी ठरवली त्यांनाही ती अशीच बरोबर वाटत असणार.

रविवारी तिनं आणि दोन पोरांनी मिळून फळी दीड फूट खाली घेतली. हातोडी खालच्या ओळीत आली, कानस वर गेली, कारण कानस क्वचित लागते. टायरच्या पट्ट्या, ज्या रोज लागतात, त्या अगदी कडेला, पोरांच्या छातीपाशी. मला आता पक्कड घ्यायला वाकावं लागतं. नव्या रेघा तिनंच मारल्या, निळ्या रंगानं, त्याही जरा वाकड्या. जुन्या पांढऱ्या रेघा अजून तशाच आहेत, त्यामुळं परवा एकानं पाना जुन्या आकृतीत टांगायचा प्रयत्न केला आणि तो खाली पडला. टर्पेंटाइन आणायचं आहे. पगार झाला की आणतो.