श्रेष्ठ, पण कुणाच्या तुलनेत?

साय यंगने 1890 ते 1911 या काळात 511 सामने जिंकले. बेसबॉलमध्ये दुसऱ्या कुठल्याही पिचरच्या नावावर एवढे विजय नाहीत आणि पुढेही होणार नाहीत. आजचा एखादा कसलेला पिचर दरवर्षी 15 सामने जिंकत राहिला, तरी चौतीस वर्षांनंतर तो यंगपेक्षा एका विजयाने मागेच असेल. वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा पुरस्कार 1956 पासून यंगच्याच नावाने दिला जातो. एवढे असूनही आजवरचा सर्वश्रेष्ठ पिचर कोण, हा वाद पेटला की सहसा पहिले नाव त्याचे निघत नाही.

विजयांचा आकडा पिचरचा जेवढा, तेवढाच त्याच्या काळाचा असतो. यंग खेळू लागला तेव्हा पिचर फलंदाजाच्या आजच्यापेक्षा जवळ उभा राहत असे. 60 फूट 6 इंचांचे अंतर 1893 मध्ये ठरले. थकलेल्या पिचरच्या जागी ताज्या दमाचा गडी आणण्याची पद्धतही तेव्हा रुळली नव्हती. यंगने सुरू केलेल्या 815 सामन्यांपैकी 749 शेवटच्या चेंडूपर्यंत स्वतःच टाकले. 2022 मध्ये मायामीच्या सँडी अल्कांताराने 6 सामने पूर्ण टाकले आणि तेवढ्यावर तो अमेरिकन आणि नॅशनल या दोन्ही लीगमध्ये अव्वल ठरला. शिवाय विजय मिळायला स्वतःच्या संघाने धावा कराव्या लागतात. 2018 मध्ये न्यूयॉर्क मेट्सचा जेकब डीग्रॉम 10 सामने जिंकला, 9 हरला. 2025 मध्ये पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स 10 जिंकला, 10 हरला. त्या त्या वर्षी साय यंग पुरस्कार मात्र दोघांनाही मिळाला, आणि तो योग्यच होता. विजयांवरून पिचर मोजण्याचे दिवस सरले आहेत.

मग मोजायचे कशावरून? जाणकारांचा भर असतो तो नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांच्या सरासरीवर. क्षेत्ररक्षकांच्या चुकांनी गेलेल्या धावा त्यातून वगळतात. क्रिकेटच्या गोलंदाजाची सरासरी पाहणाऱ्या वाचकाला हे समजायला अडचण नाही: आकडा जितका लहान, तितका पिचर मोठा. पण हा आकडाही काळाच्या हातातून सुटत नाही. ते कळण्यासाठी तीन हंगाम शेजारी ठेवून पाहावे लागतात.

पहिला 1913 चा. वॉशिंग्टनच्या वॉल्टर जॉन्सनने 346 इनिंग टाकल्या, 36 सामने जिंकले, 7 हरला आणि सरासरी राखली 1.14. एवढ्या इनिंगमध्ये त्याने फक्त 38 फलंदाजांना मोफत बेस दिला. हा ‘डेड बॉल’चा काळ. एकच चेंडू मळेपर्यंत, मऊ पडेपर्यंत चालवत. त्याला थुंकी लावणे नियमात बसत होते. त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक होम रन मारणाऱ्या फ्रँक बेकरच्या नावावर होते फक्त 12. ऑगस्ट 1920 मध्ये क्लीव्हलँडच्या रे चॅपमनच्या डोक्यावर पिचरचा चेंडू आदळला आणि त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर मळका चेंडू बदलत राहण्यावर कटाक्ष आला. थुंकीवर बंदी त्याच वर्षी हंगामाआधी आली होती. पांढराशुभ्र चेंडू फलंदाजाला दिसू लागला आणि खेळाचा तोल फिरला.

दुसरा हंगाम 1968 चा. सेंट लुइसच्या बॉब गिब्सनची सरासरी 1.12. त्याने 13 सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही, आणि वर्ल्ड सीरिजच्या पहिल्याच सामन्यात डेट्रॉइटचे 17 फलंदाज स्ट्राइक-आउट केले. पण त्या वर्षी सगळेच पिचर भारी पडत होते. अमेरिकन लीगमध्ये फलंदाजीचा मान कार्ल यास्त्रेम्स्कीला अवघ्या .301 च्या सरासरीवर मिळाला. धास्तावलेल्या नियामकांनी 1969 साठी पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो माउंड 15 इंचांवरून 10 इंचांवर आणला आणि स्ट्राइक झोन आखडता घेतला. गिब्सन तोच, हात तोच, सरासरी 2.18 झाली. नियम बदलले की थोर माणसाचा आकडा जवळपास दुप्पट होतो, हे पाहिल्यावर नुसत्या सरासरीवर विसंबून श्रेष्ठत्व ठरवणे शहाणपणाचे नाही.

तिसरा हंगाम 2000 चा. बॉस्टन रेड सॉक्सच्या पेड्रो मार्टिनेझची सरासरी 1.74. वरच्या दोघांपुढे हा आकडा फिका वाटतो. पण तो कुठल्या वाऱ्यात टाकत होता ते पाहा. त्या वर्षी अमेरिकन लीगमधल्या पिचरची एकूण सरासरी होती 4.91. होम रनमध्ये पहिला आलेल्या ट्रॉय ग्लॉसच्या नावावर होते 47. उत्तेजक द्रव्यांची चाचणी करून शिक्षा देण्याची पद्धत 2004 पर्यंत आलेली नव्हती. फलंदाजांचे दंड फुगत चालले होते. पेड्रोचे घरचे मैदान होते फेनवे पार्क, जिथे डाव्या बाजूची 37 फूट उंच भिंत फलंदाजाला खुणावत उभी असते. त्या लीगमध्ये सरासरीत दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या रॉजर क्लेमेन्सचा आकडा होता 3.70. पहिल्या आणि दुसऱ्यात जवळजवळ दोन धावांचे अंतर! बारीक चणीचा म्हणून लॉस एंजलिस डॉजर्सने 1993 मध्ये ज्याला सोडून दिले, त्या डोमिनिकन पोराने 217 इनिंगमध्ये 284 फलंदाज स्ट्राइक-आउट केले आणि फक्त 32 जणांना मोफत बेस दिला.

अशी तुलना करण्यासाठी बेसबॉलच्या अभ्यासकांनी एक निर्देशांक बनवला आहे. त्या वर्षीचा सरासरी पिचर म्हणजे 100. मैदान फलंदाजाला साथ देणारे की पिचरला, हेही त्यात धरतात. या मोजपट्टीवर जॉन्सनचे 1913 आणि गिब्सनचे 1968 दोन्ही 260 च्या अलीकडे, एकमेकांना जवळजवळ चिकटून येतात. पेड्रोचे 2000 येते 291 वर. 1900 नंतर पूर्ण हंगाम टाकलेल्या कुणाचाही आकडा यापुढे गेलेला नाही.

यावर आक्षेप घेतला जातो आणि तो दमदार आहे. जॉन्सनने 346 इनिंग टाकल्या, गिब्सनने 304 हून अधिक, पेड्रोने 217. हात दुखत असताना आठव्या-नवव्या इनिंगलाही उभे राहणे हा श्रेष्ठत्वाचा भाग नव्हे काय? आहेच. सँडी कूफॅक्सची गोष्ट इथे आठवल्याशिवाय राहत नाही. 1961 पर्यंत 36 विजय आणि 40 पराभव असा मामुली हिशेब असलेल्या या डावखुऱ्याने 1962 पासून सलग पाच वर्षे नॅशनल लीगमध्ये सर्वांत कमी सरासरी राखली. 1966 मध्ये 323 इनिंग टाकल्या, 27 सामने जिंकले, 27 सामने पूर्ण टाकले, आणि संधिवाताने कोपर निकामी होऊ लागल्याने वयाच्या तिसाव्या वर्षी निवृत्ती घेतली. कोपर वाचवण्याचे तंत्र पुढे आठ वर्षांनी आले. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हाताचा स्नायुबंध बसवला. जॉनने त्यानंतर आणखी 164 सामने जिंकले. तेव्हा कमी इनिंग टाकणारा आजचा पिचर नाजूक आहे, असा निवाडा करता येत नाही. तो प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकतो, कारण त्याच्यामागे ताज्या दमाचे पिचर तयार असतात. जॉन्सनला ताकद राखून टाकावे लागे आणि तशी मुभाही होती. बेकरच्या 12 होम रनच्या काळात एखादा चेंडू सैल पडला तर आभाळ कोसळत नसे.

इथपर्यंत हिशेब जमतो. अडचण त्यापुढची आहे, आणि ती या वादात हवी तितक्या ठामपणे मांडली जात नाही. वरचा निर्देशांक पिचरला त्याच्या समकालीनांशी ताडून पाहतो. पण समकालीन कोण, हे कुणी ठरवले?

1913 मध्ये बॉब गिब्सन असता, तर त्याला मेजर लीगच्या मैदानात पाऊल टाकू दिले नसते. पेड्रो मार्टिनेझलाही नाही. दोघेही कृष्णवर्णीय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मालकांनी अलिखितपणे घातलेली ही बंदी 1947 मध्ये जॅकी रॉबिन्सनने मोडली. पेड्रोने तो अद्वितीय हंगाम ज्या संघासाठी टाकला, तो बॉस्टन रेड सॉक्स तर कृष्णवर्णीय खेळाडू घेणारा सर्वांत शेवटचा संघ होता. तिथे तो दिवस 1959 मध्ये उजाडला. म्हणजे शेजारी मांडलेल्या तीन थोर हंगामांपैकी दोन हंगामांचे धनी तिसऱ्याच्या काळात दाराबाहेर उभे राहिले असते.

जॉन्सनचा अपमान करण्याचा इथे हेतू नाही. त्याचे 417 विजय आणि 110 शटआउट (एकही धाव न दिलेले सामने) खरे आहेत, ते त्याच्याच बाहूंनी कमावले आहेत. पण ऑस्कर चार्ल्स्टनसारख्या कृष्णवर्णीय फलंदाजाला त्याला लीगमध्ये कधी चेंडू टाकावा लागला नाही. जो विल्यम्ससारख्या कृष्णवर्णीय पिचरशी त्याची सरासरी कधी ताडली गेली नाही. ‘सरासरी पिचर म्हणजे 100’ म्हणताना ती सरासरी अर्ध्या दाराआडून काढलेली आहे. उलट 2000 च्या अमेरिकन लीगमध्ये डोमिनिकन, व्हेनेझुएलन, प्युर्तो रिकन होते, जपानचा हिदेओ नोमोही होता. पेड्रोला झालेली स्पर्धा जगभरातल्या खेळाडूंची होती. म्हणून पेड्रोचा 291 हा आकडा जॉन्सनच्या 259 पेक्षा फक्त बत्तिसाने मोठा नाही.

याच बंदीमुळे दाराबाहेर राहिलेल्या सॅचेल पेज या कृष्णवर्णीय पिचरला मेजर लीगमध्ये पहिला चेंडू टाकायला मिळाला तो जुलै 1948 मध्ये, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी. अर्ध्या हंगामात क्लीव्हलँडसाठी 6 विजय, 1 पराभव, सरासरी 2.48; संघाने वर्ल्ड सीरिज जिंकली. 1952 मध्ये, शेहेचाळिशीत, त्याने सेंट लुइस ब्राउन्ससाठी 12 सामने जिंकले. सप्टेंबर 1965 मध्ये एकोणसाठ वर्षांचा पेज कॅन्सस सिटीकडून तीन इनिंग टाकून गेला. धाव एकही नाही, हिट एकच, तीही यास्त्रेम्स्कीची. उतारवयातला पिचर असा असेल, तर पंचविशीत तो कसा टाकत असेल? 1971 मध्ये हॉल ऑफ फेमने त्याला घ्यायचे ठरवले, तेव्हा आधी वेगळ्या दालनाची भाषा झाली. टीका झाल्यावर त्याला इतरांच्या बरोबरीने स्थान मिळाले.

एका हंगामाचा प्रश्न असेल तर उत्तर पेड्रो मार्टिनेझ, सन 2000. पूर्ण कारकिर्दीची यादी करायची असेल, तर 1947 पूर्वीच्या प्रत्येक गोऱ्या पिचरच्या नावापुढे बंद दाराची नोंद करावी आणि पेजला परिशिष्टात न टाकता पहिल्या पाचांत बसवावे. मेजर लीगने डिसेंबर 2020 मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंच्या निग्रो लीगना मेजर लीगचा दर्जा दिला आणि मे 2024 मध्ये तिथले आकडे मुख्य नोंदींत सामावून घेतले. मात्र ही मान्यता 1920 ते 1948 एवढ्याच काळाला आहे. जॉन्सन 1.14 ची सरासरी राखत होता त्या दशकात जो विल्यम्स ऐन भरात होता, आणि ती वर्षे अजूनही अधिकृत नोंदींच्या बाहेर आहेत.