चाक थांबल्यावर

आमचं अ‍ॅप छोट्या दुकानदारांना उधारीचा हिशोब ठेवायला मदत करतं. एकदा सर्व्हर चार तास बंद पडला. त्या दिवशी आलेल्या एका फोनवरचं वाक्य अजून डोक्यातून जात नाही: "वही तर तुमच्याच सांगण्यावरून बंद केली. आता कुणाकडे किती बाकी आहे, ते मला कोण सांगणार?"

त्याच सुमारास मी रोमन ब्रिटनमधल्या खापरांबद्दल वाचत होतो.

इ.स. ४१०च्या आसपास ब्रिटनवरची रोमन सत्ता संपली. त्याआधी ऑक्सफर्डशर आणि नीन व्हॅलीच्या भट्ट्यांमधून चाकावर घडवलेली भांडी दूरदूरच्या बाजारांत जात. डॉर्सेटची काळी मडकी तर सुमारे ५०० किलोमीटरवर, हेड्रियनच्या भिंतीवरच्या सैनिकांपर्यंत पोचत. खापरातल्या वाळूत कोणती खनिजं आहेत हे बघून संशोधकांनी हा माग काढला.

मग सैन्य गेलं, नवी नाणी यायची थांबली, गिऱ्हाईक संपलं. काही दशकांत भट्ट्या विझल्या. बहुतेक भागांत कुंभाराचं चाकच नाहीसं झालं, ते साधारण दोन-तीनशे वर्षं. माणसं मठ्ठ झाली नव्हती. ते कौशल्य टिकवणारा बाजार उरला नव्हता. लोक मातीत गवत मिसळून हातानं मडकी वळू लागले, उघड्या आगीत भाजू लागले. कॉर्नवॉलमधल्या टिंटॅजेलला मात्र याच काळात पूर्व भूमध्य समुद्राकडून मातीचे रांजण येत होते. म्हणजे साम्राज्य एकच गेलं, पण प्रत्येक प्रदेशाच्या वाट्याला वेगळं काही आलं.

इतिहासकार ब्रायन वॉर्ड-पर्किन्स यांनी २००५ सालच्या पुस्तकात अशाच भांड्यांच्या आधारे मांडलं, की याला नुसता 'बदल' म्हणून चालणार नाही; साध्या माणसांचं राहणीमान खरोखर घसरलं. मला हे पटतं, आणि खटकतंही. साम्राज्यानं दिलेल्या सोयीचं खापर मातीत उरतं. त्यानं वसूल केलेल्या कराचं, गुलामाच्या राबण्याचं असं खापर उरत नाही. जमेची बाजू जमिनीत टिकते, खर्चाची विरून जाते.

पण म्हणून हातानं वळलेल्या मडक्याला 'स्वातंत्र्य' म्हणून मिरवणंही खोटंच. घरातलं शेवटचं चांगलं भांडं फुटलं आणि तसं पुन्हा मिळणार नाही, हे ज्या बाईला कळलं असेल, तिला तो शब्द ऐकवून बघा.

म्हणून सत्ता चांगली की वाईट, एवढंच विचारणं मला अपुरं वाटतं. ती गेल्यावर लोकांच्या हातात काय उरलं, हेही विचारायला हवं. सोय देताना तुम्ही लोकांची जुनी जमण्याची ताकद काढून घेतली असेल, तर तुमच्या जाण्याचं खापर कुणाच्या माथी फोडायचं?

मी टीमला सुचवलं: दर रात्री हिशोबाची यादी दुकानदाराच्या फोनमध्ये उतरावी, नेट नसतानाही उघडेल अशी. मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं, "मग तो आपल्याकडे राहील कशाला?"

मी म्हणालो, "त्याला राहावंसं वाटलं म्हणून."

निर्णय अजून झालेला नाही. मी मात्र त्या दुकानदाराला फोन करून वही पुन्हा सुरू करायला सांगितलं.