शेणोलीच्या रुळांशेजारी

‘अंडर फायर’ (1983) या चित्रपटातला छायाचित्रकार निकाराग्वातल्या बंडखोरांच्या मेलेल्या नेत्याचा फोटो काढतो, तो जिवंत वाटेल असा. साल 1979. समोर हुकूमशहा सोमोझाची जुलमी राजवट आहे आणि बंड टिकावं असं त्याला मनापासून वाटतं. बाजू न्यायाची, फोटो मात्र खोटा. पाहताना आपणही त्याला माफ करून टाकतो, याची मला भीती वाटते.

हाच पेच आपल्या शेणोलीतही आहे. 7 जून 1943 रोजी प्रतिसरकारच्या, म्हणजे साताऱ्यात इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या समांतर सरकारच्या, तुफान सेनेने या गावाजवळ पुणे-मिरज गाडी अडवून सरकारी पगाराची रक्कम नेली. त्या हल्ल्यातले कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, म्हणजेच कॅप्टन भाऊ, यांना त्यांच्या नव्वदीत पत्रकार पी. साईनाथ भेटले. आधी ‘पारी’ या संकेतस्थळावर, मग 2022च्या ‘द लास्ट हीरोज’ या पुस्तकात त्यांनी भाऊंची हकिगत मांडली. गाडी ‘लुटली’ म्हटलेलं भाऊंना चालत नसे. लोकांचाच लुबाडलेला पैसा आम्ही परत आणला, असं त्यांचं म्हणणं. साईनाथांनी ते आदराने नोंदवलं आणि आपला कल कुठे आहे हेही लपवलं नाही. मला हे प्रामाणिक वाटतं. इंग्रज सरकार आणि साताऱ्याचा शेतकरी यांच्यापासून सारखंच अंतर राखणाऱ्याला मी तटस्थ म्हणणार नाही.

पण प्रतिसरकारची न्यायमंडळंही होती. खबऱ्यांना, गुंडांना, छळवादी सावकारांना शिक्षा व्हायच्या, आणि त्या सौम्य नव्हत्या. प्रतिसरकारचे नेते नाना पाटील यांचं नाव निघालं की आजही ऊर भरून येतो. म्हणूनच मला विचारावंसं वाटतं, मार खाल्लेल्यांच्या घरी कॅमेरा घेऊन कोण गेलं? त्यातले सगळेच खबरे होते का? कुणाचं नाव भाऊबंदकीच्या वैरातून तर पुढे आलं नव्हतं? हे विचारल्याने प्रतिसरकार लहान होत नाही. न विचारता केलेला माहितीपट मात्र त्या निकाराग्वातल्या फोटोच्या जवळ जातो.

नाना पाटलांच्या कन्या हौसाबाई 2021 मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ 2022 मध्ये. शिक्षा भोगलेल्यांपैकीही आता कुणी उरलं असणं कठीण. त्यांची नातवंडं कराड, वाळवा, तासगावकडच्या गावांत असतील. युद्धाची बातमी करून परदेशी वार्ताहर विमानाने घरी परततो. सांगलीच्या तरुण पत्रकाराला दुसऱ्या दिवशी त्याच पारावर बसायचं असतं, लढलेल्यांच्या आणि शिक्षा भोगलेल्यांच्या, दोन्ही घरांतल्या माणसांशी बोलायचं असतं. त्याने नावं झाकावीत, पण शिक्षा भोगलेल्यांच्या घरी जावंच.