मागची सीट

माणसाला नेमकी कशाची गरज असते, या प्रश्नावर जगातल्या थोर तत्त्वज्ञांनी पुष्कळ विचार केला आहे. पण त्यांतला कांट जन्मभर अविवाहित राहिला आणि रोज ठरल्या वेळी पायीच फिरायला जात असे. म्हणजे त्याला गाडीही नव्हती आणि गाडी मागणारी नातही नव्हती. अशा परिस्थितीत नीतिशास्त्र लिहायला काय जातं?

मला नात आहे. ती पुणे विद्यापीठात एम.एस्सी. करते. पहिले तीन महिने ती सिंहगड रोडवरून गणेशखिंडीपर्यंत निमूटपणे बसने गेली. मग एके रात्री आमटीचा भुरका मारून तिने जाहीर केलं, "मला गाडीची गरज आहे." पुण्यात 'गाडी' या शब्दाला एरवी दोन चाकं पुरतात. तिला चार हवी होती. मात्र नवी नको, कुणीतरी वापरलेली चालेल, एवढा मनाचा मोठेपणा तिने दाखवला.

चिरंजीव म्हणाले, "हल्ली सगळ्यांकडे असते." सूनबाई म्हणाल्या, "पावसाचं बरं पडेल." सौ. म्हणाली, "पोरीनं पहिल्यांदाच काहीतरी मागितलंय." हे वाक्य मी गेली एकवीस वर्षं ऐकतो आहे. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या शहाणपणावर विश्वास होता म्हणून नव्हे. पुढच्या महिन्यात मुदत संपणारी ठेव घरात फक्त माझ्या नावावर होती. ज्याच्या नावावर मुदत ठेव असते, त्याला कुटुंबात विचारवंत मानतात.

मी विचार करायला आठ दिवस मागून घेतले आणि वाचायला बसलो.

विद्यापीठ आणि गाडी यांचं भांडण जुनं निघालं. 1958 ते 1967 या काळात कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष असलेले क्लार्क केर गमतीने म्हणत, की विद्यापीठ चालवणाऱ्यापुढे प्रश्न तीनच : विद्यार्थ्यांची प्रेमप्रकरणं, माजी विद्यार्थ्यांना हवे असलेले खेळाचे सामने आणि प्राध्यापकांच्या गाड्या लावायला जागा. पुढे बर्कलीच्या आवारात तर नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या प्राध्यापकाला गाडी लावायला राखीव जागा देण्याची प्रथा पडली. मला हा मुद्दा फार आवडला. सकाळच्या चहाला मी तो मांडला. "आधी नोबेल आण. मग गाडीचं बघू."

"आजोबा," नात म्हणाली, "गाडी त्यांच्याकडे आधीपासून असते. नोबेलनंतर मिळते ती जागा."

मी पुन्हा वाचायला बसलो.

लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात डोनाल्ड शूप नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी 2005 साली गाड्यांच्या फुकट पार्किंगवर सातशेहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की फुकट जागा फुकट नसते. तिचे पैसे कुणीतरी भरतो, आणि ज्याच्याकडे गाडी नाही तोही त्यात वाटेकरी असतो. ते स्वतः सायकलवरून शिकवायला जात. मी कागद घेऊन हिशेब केला. एका मोटारीला नीट उभं राहायला सुमारे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. पेठेतल्या वाड्यात आम्ही पाच माणसं दहा बाय बाराच्या खोलीत राहायचो, ती याहून थोडी लहानच होती. पुणे विद्यापीठाचं आवार 411 एकरांचं आहे. त्यात एक गाडी कुठेही मावेल. प्रत्येकाची एकेक मात्र मावणार नाही. मावली तर झाडं आणि वर्ग दोन्ही दुसरीकडे हलवावे लागतील. मग जी गोष्ट सगळ्यांनी मागितली तर कुणालाच उपयोगी पडणार नाही, तिला 'गरज' म्हणायचं का? हाच प्रश्न कांटने जरा अवघड जर्मनमध्ये विचारला होता.

आठव्या दिवशी निकालाचं भाषण केलं. सुरुवात अर्थातच "आमच्या वेळी"पासून. 1974 साली मी सायकलवरून कॉलेजात जायचो. कॅरिअरवर माझा एक मित्र असायचा. गावाकडून आलेला, वाड्यातल्या जिन्याखालच्या खोलीत राहणारा, गणितात पहिला. सायकल माझी, डोकं त्याचं. लकडी पुलावरून जाताना मागून तो मला प्रमेयं समजावायचा आणि पोलीस दिसला की अर्ध्या प्रमेयावर उडी मारायचा, कारण डबलसीटला दंड होता. आजची मुलं करिअरसाठी शिकतात; मी कॅरिअरवरून शिकलो. तात्पर्य, विद्यार्थ्याला सायकल पुरते.

"मग पुढे?" नातीने विचारलं.

"पुढे काय?"

"तो मित्र. त्याचं नाव कधी ऐकलं नाही तुमच्या तोंडून."

भाषणाच्या आठ दिवसांच्या तयारीत या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. शेवटच्या वर्षाला वडिलांनी मला मोपेड घेऊन दिली. मीही त्यांना "गरज आहे" असंच सांगितलं होतं. पहिले चार दिवस मी मित्राला मागे घेतलं. मग पेट्रोल वाचवायचं म्हणून, मग उशीर होतो म्हणून, मग नुसतंच, त्याच्या बोळात वळायचं सोडून दिलं. तो पुलावर चालताना दिसायचा. मी हात करायचो, तोही करायचा. काही दिवसांनी मी घाईत असल्यासारखा पुढे बघू लागलो. माझा वेळ रोज दहा मिनिटं वाचत होता. त्या दहा मिनिटांचं मी काय केलं, ते आज आठवत नाही. त्या वर्षी गणितात मी कसाबसा पास झालो, ते मात्र आठवतं.

हे मी सांगितलं तेव्हा सौ.ने पानातलं वाढणं थांबवलं. पन्नास वर्षांत तिलाही सांगितलं नव्हतं.

नात थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजोबा, मला गाडी नकोच आहे. मला घरी यायचं आहे. प्रयोग संपायला रात्रीचे नऊ होतात. स्टॉपवर आम्ही चौघी उभ्या असतो. बस येते तेव्हा येते, रिक्षावाला ऐकून मान हलवून पुढे जातो. तुम्हाला 1974 साली रात्री नऊला स्टॉपवर उभं राहायची भीती वाटायची?"

नव्हती वाटत. तेव्हा कुणी मुलींना विचारलंही नव्हतं.

माझं सगळं वाचन एका वाक्यात आडवं झालं. शूपसाहेबांचा हिशेब चुकीचा नव्हता, माझा प्रश्न चुकला होता. गाडी हवी की नको, हे मी विचारत बसलो. सुखरूप घरी पोचण्याची गरज मात्र कुणी नाकारू शकत नव्हतं. ती गरज गावाने भागवली नाही, की ज्याच्याकडे मुदत ठेव आहे तो आपल्यापुरती विकत घेतो. ज्याच्याकडे नाही तो पुलावरून चालत राहतो. आणि गाडीत बसलेल्या माणसाला पुढेच बघायची सवय लागते, हे मी अनुभवाने सांगतो.

ठेव मोडली. अट एकच घातली : रात्री मागची सीट रिकामी आणायची नाही. त्याने उरलेल्या मुलींचा प्रश्न सुटत नाही, हे मला कळतं. निदान तिघींचा सुटतो.

गेले चार महिने ती मैत्रिणींना त्यांच्या त्यांच्या दारात सोडून दहा-सव्वादहाला घरी येते. गाडीत रसायनशास्त्राची काय चर्चा होते ते ठाऊक नाही, पण तिघीही माझ्या मुदत ठेवीच्या दरापेक्षा चांगल्या टक्क्यांनी पास झाल्या आहेत.

परवा मला विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात एक पुस्तक बघायचं होतं. म्हटलं, सकाळी तुझ्याबरोबर येतो.

"आजोबा," नात किल्ली फिरवत म्हणाली, "आता सकाळीही चौघी असतो. जागा नाही. तुम्ही बसने या ना."

मी बसने गेलो. लकडी पुलावर बस बराच वेळ अडकली होती. खिडकीतून मी पायी चालणाऱ्या माणसांकडे बघत होतो. माझ्या वयाचा कुणी दिसला, तर हात करणार होतो.