किंकाळ्यांमागचे चेहरे

लोकप्रिय गायकाला घेऊन सिनेमा काढायचा तो बहुधा घाईनेच. लाट ओसरण्याआधी तिकिटे खपवायची असतात. १९६३ साली 'युनायटेड आर्टिस्ट्स' या अमेरिकन कंपनीने लिव्हरपूलच्या बीटल्स या गायक चौकडीशी करार केला तो याच हिशेबाने. कंपनीचा डोळा सिनेमापेक्षा त्यातल्या गाण्यांच्या रेकॉर्डवर होता. खर्च सुमारे दोन लाख पौंडांत बसवायचा, चित्रण कृष्णधवल, मार्च १९६४ मध्ये मुहूर्त आणि जुलैत प्रदर्शन. इतक्या तुटपुंज्या तयारीत उभा राहिलेला 'अ हार्ड डेज नाइट' हा विनोदी संगीतपट साठ वर्षांनंतरही टवटवीत आहे. त्याच्या कर्त्यांनी दोन गोष्टींचा मान राखला म्हणून हे घडले, असे मला वाटते. त्या चार मुलांच्या मूळ स्वभावाचा त्यांनी मान राखला, आणि त्यांच्यासाठी वेड्या झालेल्या प्रेक्षकांचाही.

तेव्हा समोर एल्विस प्रेस्लीचे उदाहरण होते. सैन्यातून परतल्यावर साठच्या दशकात त्याचे वर्षाला दोन-तीन सिनेमे येत होते. कधी तो मोटारींच्या शर्यतीत, कधी समुद्रकिनाऱ्यावर. कथा कुठलीही असो, ठरावीक अंतराने गाणे येणार. सिनेमे चालत होते आणि पैसा मिळत होता. पण 'किंग क्रिओल'मध्ये ज्याने अभिनयाची चुणूक दाखवली होती, तो कलावंत त्या साच्यात हळूहळू विझत गेला. चाहते काहीही दिले तरी घेतात, या समजुतीवर तो सगळा कारखाना उभा होता.

बीटल्सच्या वाट्याला वेगळी माणसे आली. पटकथा लिहिणारे अलन ओवेन लिव्हरपूलमध्येच वाढलेले. लिहायला बसण्यापूर्वी ते या चौघांबरोबर डब्लिनला गेले आणि त्यांचे बोलणे कान देऊन ऐकले. ही मुले नट नाहीत हे ओळखून त्यांनी संवाद आखूड ठेवले, लिव्हरपूलच्या बोलीचा ठसका तसाच राहू दिला. दिग्दर्शक रिचर्ड लेस्टर हे पीटर सेलर्स आणि स्पाइक मिलिगन यांच्याबरोबर काम केलेले. मिलिगन जन्माने आपल्या अहमदनगरचे. त्यांच्या 'गून शो' या रेडिओ कार्यक्रमातला तर्काला कोलांटी मारायला लावणारा विनोद ऐकतच बीटल्स मोठे झाले होते. त्यामुळे दिग्दर्शक आणि नट यांची विनोदाची भाषा आधीपासूनच एक होती.

ओवेननी डब्लिनमध्ये आणखी एक गोष्ट टिपली. ही मुले आपल्याच प्रसिद्धीच्या कोंडीत सापडली होती. विमानातून गाडीत, गाडीतून खोलीत, खोलीतून रंगमंचावर. सिनेमाचा कणा तोच झाला. सुरुवातीची कितीतरी दृश्ये रेल्वेच्या डब्यात आणि बंद खोल्यांत घडतात. मग चौघे मागच्या जिन्याने निसटतात आणि मोकळ्या मैदानात पोरासोरांसारखे हुंदडतात. लेस्टर तिथे कॅमेऱ्याची गती वाढवतात, कमी करतात, वरून हेलिकॉप्टरमधून पाहतात. कोणी गाताना दिसत नाही, तरी पडद्यावर गाणे चालू असते. पुढच्या काळातल्या संगीत-व्हिडिओंनी हे तंत्र उचलले, पण इथे त्या तंत्राला अर्थ आहे. आधीची कोंडी अनुभवलेली असते, म्हणून त्या काही मिनिटांच्या मोकळेपणाने आपलाही जीव हलका होतो.

आता चाहत्यांविषयी. फेब्रुवारी १९६४ च्या अखेरीस 'न्यू स्टेट्समन' साप्ताहिकात पॉल जॉन्सन यांनी बीटल्सवर घणाघाती लेख लिहिला आणि त्यांच्यासाठी ओरडणाऱ्या मुलींना मंद, आळशी, अपयशी ठरवले. पुढच्याच आठवड्यात लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवर या सिनेमाचे चित्रण सुरू झाले. या सिनेमाने जॉन्सनना दिलेले उत्तर, मग ते ठरवून दिलेले असो वा नसो, मला फार मोलाचे वाटते. शेवटच्या कार्यक्रमात लेस्टरचे कॅमेरे वारंवार प्रेक्षागृहाकडे वळतात. तिथे मुली रडताहेत, केस ओढताहेत, आवडत्या गायकाचे नाव पुटपुटताहेत. कॅमेरा त्यांना हसत नाही. प्रत्येक चेहरा वेगळा दिसतो आणि त्या प्रत्येकीला काहीतरी अगदी स्वतःचे जाणवते आहे हे कळते. घरात, शाळेत, रस्त्यावर ज्यांना आवाज चढवायची मुभा नव्हती, त्यांना तिथे ती मिळाली होती. त्या किंकाळ्यांत केवढी मोकळीक होती, ते लेस्टरच्या कॅमेऱ्याने ओळखले.

६ जुलै १९६४ रोजी लंडन पॅव्हिलियनमध्ये पहिला खेळ झाला, तेव्हा बाहेर रस्ते तुंबले होते. चार दिवसांनी लिव्हरपूलने आपल्या मुलांचे स्वागत केले. गर्दी अपेक्षितच होती. समीक्षकांची दाद मात्र अनपेक्षित होती. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे बॉस्ली क्राउदर खूश झाले. अँड्र्यू सॅरिस यांनी तर या जातीच्या सिनेमांतला 'सिटिझन केन' असे त्याचे स्थान ठरवले. ओवेन यांच्या पटकथेला आणि जॉर्ज मार्टिन यांच्या संगीत-संयोजनाला ऑस्करची नामांकने मिळाली. त्या कौतुकात आश्चर्याचा सूर होता. तरुण मुलींना आवडणारी गोष्ट चांगलीही असू शकते, हे अनेक जाणत्यांना प्रथमच मान्य करावे लागत होते.

मान राखण्याचे महत्त्व पुढच्याच वर्षी दुसऱ्या बाजूने कळले. बीटल्सचा पुढचा सिनेमा 'हेल्प!' रंगीत होता, पैसा अधिक होता, चित्रणासाठी आल्प्स आणि बहामा बेटे होती. पण चौघे आपल्याच सिनेमात पाहुण्यांसारखे वावरले. कथेतले खलनायक म्हणजे नरबळी देणारा कालीभक्तांचा पंथ. भारताविषयीच्या जुन्या वसाहती कल्पनांचे ते भडक चित्र. त्याच सिनेमाच्या सेटवर चौघांपैकी जॉर्ज हॅरिसनने भारतीय वादकांची सतार हाती घेतली आणि पुढच्या वर्षी रविशंकरांकडे शिकण्यासाठी तो मुंबईला आला. ज्या संस्कृतीची पडद्यावर चेष्टा झाली, तिच्यासमोर तो विद्यार्थी म्हणून बसला. त्याच्या कुतूहलातला आदर त्या पटकथेच्या वाट्याला आला असता, तर 'हेल्प!' वेगळा झाला असता.

आजही गायकांचे सिनेमे निघतात, आणि 'चाहत्यांसाठी काढलाय' हे वाक्य त्यांच्या उणिवांवर पांघरूण म्हणून वापरले जाते. मला ते वाक्य मोठ्या जबाबदारीचे वाटते. चाहत्याने आपला वेळ, पैसा आणि मन आधीच देऊन टाकलेले असते, म्हणून त्याला हलके देणे हा अधिक मोठा अन्याय आहे. लेस्टर आणि ओवेन यांच्यापाशी पैसा कमी होता, वेळ त्याहून कमी होता. तरी सोळा वर्षांच्या मुलीसाठी सिनेमा काढताना त्यांनी आपली सगळी बुद्धी पणाला लावली. लोकप्रिय कलेकडून याहून कमी अपेक्षा ठेवायचे काही कारण नाही.