गार आणि गारगोटी

उत्तरपत्रिकेवर एकदा मारलेली फुली खोडणे शिक्षकाला फार जड जाते. मी ती एकदा खोडली, त्याची ही हकीकत.

2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात ठिकठिकाणी गारपीट झाली. आमच्या नगर जिल्ह्यातही काढणीला आलेला गहू आडवा झाला, कांद्याच्या पातीच्या चिंध्या झाल्या. त्यानंतरच्या परीक्षेत ‘पाच खनिजांची नावे लिहा’ असा प्रश्न मी घातला होता. एका मुलाने लिहिले : मीठ, अभ्रक, गंधक, गारगोटी आणि गार.

‘‘गार कसली रे खनिज? ती तर पाणी!’’

‘‘पाणी कसं, गुरुजी? आमच्या पत्र्याला भोकं पडली!’’

वर्ग हसला. मीही हसलो आणि फुली मारली.

रात्री मात्र चैन पडेना. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेलेली नाही. म्हणून पुस्तक काढून बसलो. जे निसर्गात आपोआप घडते, घनरूप असते, ज्याचे घटक ठरलेले असतात आणि ज्याच्या आत कणांची शिस्तशीर मांडणी असते, ते खनिज. हिमकण षट्कोनी दिसतो तो या मांडणीमुळेच. बर्फ या साऱ्या कसोट्यांना उतरतो, आणि आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनाही त्याला खनिजच मानते. पाणी तेवढे घनरूप नसल्यामुळे बाहेर राहते. गंमत अशी, की गोळेवाल्याच्या गाडीवरचा कारखान्यातला बर्फही बाहेरच. कारण तो माणसाने केलेला! वस्तू तीच, परंतु कूळ निराळे.

आपली भाषा हे केव्हाच जाणत असावी. आकाशातून पडते ती गार आणि चकमक झडते तीही गारच. प्राचीन ग्रीकांनीही बर्फाला आणि स्फटिकाला एकच शब्द योजला होता. पहिल्या शतकातला रोमन पंडित प्लिनी तर स्फटिक म्हणजे कायमचे गोठलेले बर्फ असेच समजे. ते चुकीचे होते; पण पाणी आणि पाषाण यांच्यातली भिंत आपण समजतो तेवढी जाडही नाही. राहुरीकडच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत स्टिल्बाइटचे सुंदर स्फटिक सापडतात. त्यांच्या घडणीतच पाणी असते. तापवले की ते उकळल्यासारखे बाहेर पडते. म्हणून 1756 साली क्रॉनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने अशा दगडांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे नाव दिले.

मग माझी चूक कुठे झाली? जे टिकते तेच खरे, असे मी धरून चाललो होतो. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो. टिकलेल्याला मान देतो, विरघळून गेलेल्याला यादीतून वगळतो. निसर्गाच्या यादीत मात्र ‘किती काळ?’ हा रकानाच नाही. पणती एका रात्रीची, म्हणून ती दिवा नव्हे असे कोण म्हणेल?

दुसऱ्या दिवशी भर वर्गात मी फुली खोडली. म्हटले, ‘‘बाळ, तुझं बरोबर होतं. चुकलो मीच.’’

त्याने क्षणभर विचार केला. ‘‘म्हणजे गुरुजी, सोनं अन् गार एकाच यादीत?’’

‘‘हो, एकाच.’’

‘‘मग त्या दिवशी सोनंच का नाही पडलं?’’

या वेळी वर्ग हसला नाही. उत्तराचे गुण देणे माझ्या हाती होते, ते मी दिले. या प्रश्नाचे उत्तर मात्र अजून माझ्यापाशी नाही.